काल्पनिक विभागातला रणगाडा

परीक्षण समितीनं माझ्या सासऱ्यांना मारलं. मारहाण केली असं म्हणत नाही. मारलं. ठराव क्रमांक सात, हजर सदस्य पाच, संमती पाचांची, वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. सासरेबुवा त्या वेळी समितीच्या समोरच्याच खुर्चीत बसून चष्मा पुसत होते.

पण शिस्तीनं सांगतो. समितीला शिस्त फार प्रिय आहे.

युद्ध ही अत्यंत गंभीर बाब असून ती नेहमी एकास पस्तीस याच प्रमाणात करावी. या प्रमाणात रणगाडा वीतभर होतो, सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढा होतो, आणि मरण इतकं बारीक होतं की चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. हे थोर सत्य आमच्या शहराच्या रणगाडा प्रतिकृती मंडळाला एकोणीस वर्षांपूर्वी उमगलं. आज मंडळाचे चौऱ्याऐंशी सदस्य आहेत. त्यात दातांचे डॉक्टर दोन, बँकेतले अकरा, गणिताचे मास्तर सहा. खऱ्या युद्धात गेलेला एकही नाही. (हे ते अभिमानानं सांगतात. त्यामुळे मन निःपक्षपाती राहतं.)

मंडळाच्या तीन उपसमित्या आहेत: गंज, धूर आणि चिखल. पैकी चिखल उपसमिती सर्वांत जुनी आणि सर्वांत तापट. चिखल काय, कुणीही फासेल, असं तुम्हाला वाटत असेल. म्हणूनच तुम्ही उपसमितीवर नाही. चिखलाला ऋतू असतो, वय असतं, दिशा असते. आगेकूच करणाऱ्या रणगाड्याचा चिखल वेगळा आणि माघार घेणाऱ्याचा वेगळा. या मुद्द्यावर दोन साडू गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एक ओल्या चिखलाचा, एक वाळलेल्या. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या रोज फोनवर तासभर बोलतात, फक्त मातीचा विषय काढत नाहीत. कुंड्यांबद्दलसुद्धा नाही.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. दाढा पाहायचा छोटा आरसा ते रणगाड्याच्या पोटाखाली घालतात, बारीक टोकदार हत्यारानं साखळीपट्टा टोकरतात आणि ‘हं’ म्हणतात. त्यांचं ‘हं’ ऐकून एका गणिताच्या मास्तरांनी हा छंद कायमचा सोडला.

आता सासरेबुवा. हे गृहस्थ तरुणपणी चार वर्षं रणगाडा चालवत होते. मोठा. ज्यात माणसं बसतात तो. त्याबद्दल ते चाळीस-पन्नास वर्षांत घरात एक अक्षर बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांना एका बाईंचा फोन आला. त्यांच्या रणगाड्यात तोफ चालवणारा जो गडी होता, त्याची धाकटी बहीण. तो परत आला नाही. बाई आता सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “भाऊ, तो बसायचा कुठं हो?”

सासरेबुवांनी फोनवर सांगून पाहिलं. तोफेच्या डाव्या अंगाला, जरा खाली, असं हातवारे करकरून सांगितलं. हातवारे फोनमधून जात नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रणगाड्याचं खोकं आणलं.

सात महिने आमचं जेवणाचं टेबल शत्रूच्या ताब्यात होतं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. बायकोचा भुवया कोरायचा चिमटा गेला, माझा दात घासायचा ब्रश चिखल उडवायला गेला. (परत आला. मी वापरला. त्यावर बोलू इच्छित नाही.) एकूण भाग सहाशे त्रेचाळीस. पैकी चिमट्यातून उडून बेपत्ता झालेले एकोणीस. भाग उडाला की सासरेबुवा ओरडत, “हलू नका कुणी!” आणि आख्खं घर होतं तिथं पुतळ्यासारखं उभं राही, पाहुणे आले असतील तर पाहुणेही. बारा भाग केरात सापडले, सहा सोफ्याच्या फटीत. तोफेची दुर्बीण मात्र सासूबाईंच्या अंबाड्यात निघाली, तीही दोन लग्नं आणि एक बारसं फिरून आल्यावर.

सासूबाई म्हणाल्या, “अहो, खरं युद्ध चार वर्षांत आटपलं. हे खेळणं सात महिने?”

“तेव्हा चाकं तयार मिळायची गं,” सासरेबुवा म्हणाले.

बाईंना निरोप गेला: मंडळाच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, रविवार, दुपारी चार, टेबल क्रमांक चार. सासरेबुवांना आयुष्यात बक्षीस नको होतं, मान नको होता. त्यांना तो रणगाडा रविवारी चार वाजता चौथ्या टेबलावर हवा होता.

शुक्रवारी परीक्षण झालं. डॉक्टरांनी आरसा काढला. “डावीकडचं तिसरं चाक चुकलंय, काका.”

“चुकलं नाही. आमचं फुटलं होतं. दुसऱ्या गाडीचं काढून लावलं.”

“संदर्भाच्या पुस्तकात सगळी सारखी आहेत. उणे दहा. आणि हा हिरवा?”

“रंग संपला होता. शेजारच्या तुकडीकडनं अर्धा डबा आणला.”

“हा हिरवा तक्त्यात नाही. उणे पंधरा. मागं किटली कशाला?”

“चहाला.”

यावर समितीत थोडी कुजबुज झाली. चहाबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. मग डॉक्टर वरच्या फिरत्या घुमटाकडं वळले. “आणि तोफ मागं तोंड करून का?”

सासरेबुवांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “ज्यानं फिरवली, त्यानं शेवटी तिकडंच फिरवली होती. मग ती तशीच राहिली. आम्ही तिघं त्याला घेऊन परत आलो.”

“परत आलात?” डॉक्टरांनी जाडजूड पुस्तक उघडलं. रणगाड्याचा क्रमांक जुळवला. पानभर फोटो होता: तोच रणगाडा, जळालेला. खाली ओळ: चारही सैनिक जागीच ठार.

“तो दुसऱ्या दिवशी जळला. रिकामा,” सासरेबुवा म्हणाले. “आम्ही शिबिरात झोपलो होतो.”

“ते ठीक आहे काका, पण पुस्तकात तुम्ही वारलात.”

“मी इथं बसलोय.”

“तुमच्या हयातीबद्दल समितीला वैयक्तिक आनंदच आहे,” डॉक्टर म्हणाले. माणूस खरंच सज्जन आहे. “पण नियम पाच, कलम क: प्रवेशिका भरणारी व्यक्ती जिवंत असावी. आम्ही पुस्तकाविरुद्ध कसे जाणार? उद्या उठून कुणीही येईल आणि सांगेल, मी मेलो नाही.”

तर्क बिनतोड होता. तरी न्याय म्हणून एक वाट ठेवण्यात आली: त्या तारखेला आपण जिवंत होतो, असा तेव्हाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला सोमवारपर्यंत आणावा. तो अधिकारी बारा वर्षांपूर्वी वारला. पुस्तकात मात्र तो ठणठणीत असल्यामुळे समितीनं पुस्तकाच्या प्रकाशकामार्फत त्याला पत्र धाडायचं ठरवलं.

तोवर रणगाडा काल्पनिक विभागात हलवण्यात आला. एका बाजूला तीन डोक्यांचा ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला अवकाशयानात बसलेले घोडेस्वार ससे. पाटी लागली: ‘काल्पनिक रणगाडा. कलाकार: कै.’ पुढं नाव लिहायला जागा पुरली नाही.

चौथं टेबल रिकामं कसं ठेवणार? तिथं खुद्द अध्यक्षांची प्रतिकृती आली. स्पर्धेत नव्हे, फक्त प्रेक्षकांच्या पसंतीसाठी. पुस्तकातल्या फोटोबरहुकूम. तोच रणगाडा, जळालेला. धूर कापसाचा, आत लुकलुकणारा छोटा लाल दिवा, आणि भोवती चार सैनिक आडवे पडलेले. चिखल इतका अचूक की दोन्ही साडू एकाच वेळी त्याच्यापुढं उभे राहिले आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांना म्हणाले, “वा!”

रविवारी चार वाजता बाई आल्या. सांगितल्याप्रमाणे चौथ्या टेबलाशी गेल्या. छातीवर बिल्ला लावलेला स्वयंसेवक उत्साहानं म्हणाला, “या आजी, हे पाहा, चौघंही जागीच!” बाई पाहत राहिल्या. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “यातला आमचा कुठला?”

सासरेबुवा गर्दीतून वाट काढत आले, त्यांचं कोपर धरलं. “ताई, हा नाही. आपला तिकडं आहे. सशांच्या शेजारी.”

ड्रॅगनच्या पंखाखाली वाकून सासरेबुवांनी नखानं घुमट उचलला. तोफेच्या डावीकडं, जरा खाली, एक आसन होतं. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. कुणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी त्याची घडी घातलेली सतरंजीही रंगवली होती. बाईंनी सासरेबुवांचा चष्मा मागून घेतला आणि नाक आत घातलं.

“एवढ्याशा जागेत? त्याचे पाय तर केवढाले लांब.”

“माझ्या खांद्यांवर असायचे. आत आवाज फार, बोललेलं ऐकू येत नसे. उजवीकडं वळायचं असलं की उजव्या खांद्यावर लाथ. थांबायचं असलं की डोक्यात.”

“डोक्यात?”

“जोरात.”

बाई हसायला लागल्या. “घरीसुद्धा असाच होता मेला!” इतक्या हसल्या की ड्रॅगन हलला, दोन ससे पडले आणि ड्रॅगनचे मालक धावत आले. सासरेबुवाही हसले. त्यांना इतकं हसताना मी लग्नाच्या चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात ध्वनिवर्धकावरून डॉक्टरांचा आवाज आला: “काल्पनिक विभागातील मंडळींनी कृपया प्रदर्शनाचं गांभीर्य राखावं.”

साडेपाचला निकाल लागला. प्रेक्षकांची पसंती: एकूण मतं चारशे बारा. पैकी जळालेल्या रणगाड्याला तीनशे शहाण्णव, ड्रॅगनला पंधरा. सासरेबुवांना एक. (बाईंचं. चिठ्ठीवर ‘आमचा’ एवढंच लिहिलं होतं.)

तर समितीला मी पत्र लिहिलंच आहे. त्याचं उत्तर यथावकाश कुणीतरी मृत अधिकारी देईल. माझा प्रश्न तुम्हाला आहे. हो, तुम्हालाच. तुम्ही आला होतात. पोराला खांद्यावर घेतलं होतंत, फोटोसाठी मागच्याला सरकवलं होतंत, “काय धूर काढलाय!” म्हणाला होतात. त्या धुरात साखळीपट्ट्याशेजारी जो पालथा पडला होता, तो रणगाड्याचा चालक. म्हणजे आमचे सासरेबुवा. तुमच्यामागं दहा हातांवर ते जिवंत उभे होते, ससे सरळ करत.

शनिवारी मतांची पेटी ठेवली तेव्हा पहिली चिठ्ठी माझीच पडली होती, जळालेल्या रणगाड्याच्या नावानं. मी घाईत होतो आणि धूर खरोखरच छान होता. हे मी सासरेबुवांना सांगितलं. ते म्हणाले, “असू दे रे. चिखल बरोबर होता.”

उरली तीनशे पंच्याण्णव. त्यातलं तुमचं कुठलं? लेखी कळवा.