खोकल्याची जागा

एका जंगलात एक नियम होता. तिसऱ्या अंतऱ्यात खोकायचं, आणि का ते विचारायचं नाही.

मुलांनो, हसू नका. तुमच्याही घरात असे दहा नियम असतील. ते तुम्ही पाळता. मग जंगलाला कशाला हसता? गप्प बसा आणि ऐका.

त्या जंगलात पूर्वी एक चंडोल राहायचा. सगळे त्याला चंडोलबुवा म्हणत. जंगलाच्या मधोमध एक काळा कातळ आहे. त्यावर उभं राहून बुवा गात. गात खरंच छान, हे आधीच सांगून टाकते. या गोष्टीत बुवांचा काहीही दोष नाही.

एका चैत्रातल्या दुपारी बुवा गात होते. ऊन मी म्हणत होतं. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या अंतऱ्यात बुवा खोकले. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकले. मग त्यांनी उजवा पंख लांब केला, डोळे मिटले आणि ते कातळावर आडवे झाले. परत उठले नाहीत.

“वा!” रसिक म्हणाले. “काय समेवर गेले!”

तेव्हापासून जंगलात गाणं बंद झालं आणि बुवांसारखं गाणं सुरू झालं. पोपटांनी ‘आठवणीतले चंडोलबुवा’ काढलं. कावळ्यांनी ‘पुन्हा एकदा चंडोलबुवा’ काढलं. एका रानडुकराने ‘साक्षात चंडोलबुवा’ काढलं, आणि ते सगळ्यांत जास्त चाललं. तिसरा अंतरा आला की तीनदा खोकायचं, उजवा पंख लांब करायचा आणि डोळे मिटायचे. डुकराला पंख नव्हता. तो पाय लांब करी.

हे सगळं सांभाळायला रसिक मंडळ होतं. रसिक गात नसत. खरं तर फारसं ऐकतही नसत. ते शिफारस करत. अमक्याचं ऐक, तमक्याचं ऐक, आणि प्रत्यक्ष जाऊन ऐक.

मंडळाचे अध्यक्ष साळिंदरकाका. त्यांच्या डाव्या बाजूला वानरआजोबा, उजव्या बाजूला घोरपडमावशी. त्या दुपारी तिघेही हजर होते. तसे त्या दुपारी सगळेच हजर होते. हत्तीचं एक पिल्लू बुवा गेल्यानंतर दोन वर्षांनी जन्मलं, तेसुद्धा ‘मी पुढच्या रांगेत होतो’ म्हणून सांगे. एवढे सगळे खरंच आले असते तर तो कातळ जमिनीत गेला असता.

एक दिवस मंडळापुढे एक तरुण टिटवी येऊन उभी राहिली.

“काका, यंदाच्या चैत्रात मला कातळावर गायचंय.”

“छान. कुणाचं गाणार?”

“माझं.”

साळिंदरकाकांचे काटे उभे राहिले. “तुझं म्हणजे कुणाचं?”

“माझं म्हणजे माझंच.”

“अगं बाई,” घोरपडमावशी म्हणाल्या, “जीभ बघा हिची. आणि ही म्हणे गाणार! टिटव्या कधीपासून गायला लागल्या? टिटव्या ओरडतात.”

मावशींचं बोलणं त्या जंगलाच्या कायद्याला धरून होतं. कातळावर होतं ते गाणं, बाकी सगळं ओरडणं, असा कायदा होता. आणि कुणी ओरडलं तर लक्ष द्यायचं नाही, अशी रीत होती.

टिटवीची आई माळावर उघड्या खड्यांत अंडी घाली. गव्यांचा कळप आला की दिवसभर ती त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत हाका मारी. गेल्या वर्षी चार अंड्यांतली दोन खुरांखाली गेली. गवे वाईट नव्हते. “आम्हाला वाटलं, नुसती ओरडतेय,” ते म्हणाले.

त्या हाकांचंच टिटवीने गाणं केलं होतं. एकदा ते कातळावर झालं की आईचा आवाज गाणं ठरला असता. मग गव्यांनी मान वर करून ऐकलं असतं. निदान पाय टाकण्याआधी थांबले असते. तिला एवढंच हवं होतं.

“गाण्याआधी ऐकावं लागतं, पोरी,” वानरआजोबा म्हणाले. “तू काय काय ऐकलंयस? डुक्कर ऐकलास का?”

“नाही.”

“प्रत्यक्ष नाही ऐकलास?”

“अप्रत्यक्षही नाही, आजोबा.”

“अरे देवा! आणि बेडूक?”

“बेडूक रोजच ऐकू येतात. इलाज नाही.”

“ऐकू येणं वेगळं आणि डबक्याकाठी जाऊन बसणं वेगळं! आधी ही दोन करून ये. मग बोलू.”

टिटवी आधी डुकराकडे गेली. डुक्कर अगदी डुकरासारखा गायला. शेजारी बसलेल्या साळिंदरकाकांनी तिला कोपराने ढोसलं. साळिंदराने ढोसलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

“गाण्याकडे लक्ष देऊ नकोस गं,” ते कुजबुजले. “गाणं काय, कुणीही म्हणतं. आता खोकला ऐक.”

डुक्कर खोकला. सगळं जंगल उठून उभं राहिलं. घोरपडमावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“पहिला जरा ओला होता,” वानरआजोबा जाणतेपणाने म्हणाले. “पण दुसरा थेट बुवांचा!”

मग टिटवी बेडकांकडे गेली. बेडूक कुणाची नक्कल करत नसत. त्यांनी गेल्या आषाढात बुवांची एक ओळ धरली होती आणि तिच्यावरून सुचेल तिकडे चालले होते. ती ओळ त्यांना भाद्रपदापासून परत सापडली नव्हती. टिटवी सूर्य उगवताना बसली. डोक्यावर ऊन आलं तरी ‘डरांव’ चाललंच होतं. शेजारी एक कासव डोळे मिटून डोलत होतं.

“आत्ता कुठे खुलतंय,” कासव म्हणालं.

“तुम्ही कधीपासून बसलाय?”

“श्रावणापासून.”

“आणि हे चाललंय कुठे?”

“ते कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही. तीच तर मजा आहे!”

टिटवी परत आली.

“काय, कसं वाटलं?” साळिंदरकाकांनी विचारलं.

“कंटाळा आला, काका.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कुठल्या वारी गेली होतीस?”

“मंगळवारी.”

“हात्तिच्या!” वानरआजोबांनी कपाळावर हात मारला. “मंगळवारी जातं का कुणी? बुधवारी जायचं. बुधवारी ते डबकं काही वेगळंच असतं!”

मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. तुम्हाला आवडलं नाही, तर तुम्ही चुकीच्या वारी गेला होता. बरोबर वार कोणता, ते तुम्ही जाऊन आल्यावर सांगतात.

शेवटी मंडळाने तोडगा काढला. टिटवीने बुवांचे तीन अंतरे म्हणायचे, खोकल्यासकट. त्यानंतर वेळ उरला तर तिचं काय ते ओरडून घ्यावं. टिटवीला राग आला. पण तिला माळावरची अंडी आठवली. तिने मान हलवली.

खोकला शिकवायला डुक्करदादा होताच. तो स्वभावाने चांगला होता. मेहनती होता. आपण कला करतो असं त्याला मनापासून वाटे.

“घसा कोरडा ठेवायचा,” तो म्हणाला. “सकाळपासून पाण्याला तोंड लावायचं नाही. मग गायला लागायचं. तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत तो आपोआप येतो. ओढून आणलेला खोकला रसिकांना लगेच कळतो.”

तीन दिवस टिटवी घसा खरवडून खोकली. चौथ्या दिवशी तिच्याने राहवेना. तिने दादाचा डोळा चुकवून एका खळग्यातलं पाणी पिऊन घेतलं. मग ती पुन्हा गायला उभी राहिली. तिसरा अंतरा आला आणि सरळ गेला.

“खोकला कुठे गेला?” डुक्करदादा ओरडला.

“येतच नाहीये, दादा.”

“पाणी प्यायलीस! प्यायलीस ना? अगं, तीन दिवसांची मेहनत पाण्यात घातलीस. पाण्यासारखा खोकल्याचा वैरी नाही.”

टिटवीने चोच पुसली.

“दादा, मग बुवा का नाही प्यायले पाणी?”

“बुवांना कशाला हवं पाणी? ते कलावंत होते!” डुक्करदादाने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आणि हे विचारायचं नसतं. माहीत आहे ना?”

चैत्र आला. रसिक जांभळींच्या सावलीत जमले. बुवा गेले त्या दुपारी जिथे बसले होते तिथेच बसले, कारण सावली तिथेच असते. कातळावर सावली नसते. माळावरून गवेही आले होते. टिटवीची आई मात्र अंडी सोडून येऊ शकली नाही.

टिटवी कातळावर उभी राहिली. पायांखाली चटके बसत होते. सकाळपासून तिला पाणी पिऊ दिलं नव्हतं. तिने पहिला अंतरा म्हटला. माना डोलल्या. दुसरा म्हटला. घोरपडमावशींनी डोळे पुसायची तयारी केली.

तिसऱ्या अंतऱ्यात टिटवी खोकली. तो आणलेला खोकला नव्हता. तिच्या घशात काटे उभे राहिले होते.

“आहाहा!” वानरआजोबा म्हणाले.

दोन खोकले राहिले होते, तरी तिने शिकवलेला उजवा पंख आधीच लांब केला. आता डोळे मिटायचे होते. सगळे मिटत. पण तहानेने तिला ते सुचलंच नाही. तिने पंखाच्या टोकाकडे पाहिलं.

पंखाच्या टोकाला ओढा होता. रसिकांच्या पाठीमागे, बारा उड्यांवर, चमचम करत वाहत होता.

टिटवी गायची थांबली.

“काका, जरा मागे बघा.”

“गाताना बोलू नये!” साळिंदरकाका म्हणाले. “अजून दोन खोकले बाकी आहेत.”

“बघा ना मागे.”

काकांनी नाइलाजाने मान वळवली. “ओढा आहे. नेहमीचाच आहे. मग?”

“बुवांनी पंख कुठे केला होता?”

“अनंताकडे,” काका म्हणाले.

“त्या बाजूला अनंत नाही, काका. त्या बाजूला पाणी आहे.”

जांभळींखाली चुळबुळ झाली.

“ते गात नव्हते,” टिटवी म्हणाली. “ते पाणी मागत होते. तीन वेळा मागितलं. बोलता येईना, तेव्हा पंखाने दाखवलं. तुम्ही सगळे इथेच होता ना? आजोबा, तुम्ही अगदी पुढे होता म्हणता. मावशी, बुवांचा शेवटचा श्वास तुम्ही ऐकलाय म्हणता. मग ओढ्यावर कोण गेलं?”

वानरआजोबांनी पाठ खाजवली. “मी तसा... पुढे म्हणजे अगदी पुढे नव्हतो. त्या पलीकडच्या झाडावर होतो. तिथून नीट दिसत नाही.”

“मी तर बाई त्या दिवशी बिळातच होते,” घोरपडमावशी म्हणाल्या. “अंग मोडून आलं होतं. मला हे सगळं यांनीच सांगितलं.”

“मी जन्मलोच नव्हतो,” हत्तीचं पिल्लू म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोललं.

एकेक करत सगळे उठले. कुणी परगावी गेलं होतं. कुणाच्या घरी सुतक होतं. कोल्ह्याला तर गाण्याचं मुळी वेडच नव्हतं. बघता बघता त्या दुपारी कातळापाशी कुणीच नव्हतं. बिचारे बुवा एकटेच गात होते.

डुक्करदादा मात्र सरळ ओढ्यावर गेला आणि त्याने पाण्यात तोंड घातलं. कितीतरी वेळ तो पीत होता.

उरले साळिंदरकाका. ते त्या दुपारी हजर होते म्हणूनच अध्यक्ष झाले होते. त्यांना नव्हतो म्हणायची सोय नव्हती.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “उगाच जुनं उकरू नये. पोरी, एवढ्या वर्षांची परंपरा आहे. दोनदा खोक आणि मोकळी हो. मग मी स्वतः सांगतो सगळ्यांना, टिटवी ऐका म्हणून. माझी शिफारस म्हणजे लहान गोष्ट नाही. नाहीतर खाली उतर, आणि मायलेकी जन्मभर ओरडत बसा.”

टिटवीने गव्यांकडे पाहिलं. ते मान वर करून उभे होते.

“मी खोकणार नाही,” ती म्हणाली. “आणि उतरणारही नाही. तहान लागली की मी ओरडेन. अंड्यांवर खूर आला की ओरडेन. त्याला गाणं म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही सावलीत बसून ठरवा. तुमची शिफारस मला नको.”

साळिंदरकाकांचे काटे आडवे झाले. वानरआजोबा आपल्या शेपटीकडे पाहत राहिले. घोरपडमावशींनी मान आत घेतली. ओढ्याचा आवाज कातळापर्यंत स्पष्ट येतो, हे जंगलाला तेव्हा कळलं.

तात्पर्य: मुलांनो, गाणाऱ्याला कधी पाणी देऊ नये. पाणी मिळालं की तो जगतो, आणि जगला की पुढच्या वर्षी नवीन गाणं म्हणतो. मग ते पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. रसिकांना एवढा त्रास देणं बरं नाही.