कोंडीमामाची बारी

बिबट्या येणार नाही. आधीच सांगून टाकतो. जुन्नर-आंबेगावकडचं कुणी लिहायला बसलं, की तुम्ही लोक तिसऱ्या ओळीपासून उसात काय हलतंय ते बघायला लागता. इथं ऊस नाही, बिबट्या नाही, किल्ल्यावरची पहाटसुद्धा नाही. आणि मामा म्हटल्यावर जो खिशातनं लिमलेटच्या गोळ्या काढणारा मामा तुम्ही डोळ्यांपुढं आणला असेल, तोही पुसून टाका. आमच्या कोंडीमामाच्या खिशातनं आम्हाला गोळी कधी मिळाली नाही. मिळाला तो टाइम. 'अकरा सेकंद बारा पॉइंट' असला टाइम.

तर हा मामा दर मे महिन्यात वॉटर पार्कला जातो. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, खांद्याला टॉवेल, गळ्यात लाल गोंड्याच्या दोरीत स्टॉपवॉच. आजूबाजूला सगळी दुनिया नायलॉनच्या चड्डीत भिजून चिंब, आणि मधोमध हा माणूस कोरडा ठणठणीत. पाच मजली लाल घसरगुंडी जिथं येऊन पाण्यात संपते, तिथं काठावर उभा. आम्ही वरून घसरत येणार, मामा अंगठा दाबणार, टाइम सांगणार. संध्याकाळपर्यंत हेच. स्वतः मात्र पाण्यात बोट घालणार नाही.

आता हे येड कुठनं आलं, ते ऐका.

मामा महाळुंगे पडवळचा. शेती करतो, पण दोन तालुक्यांत त्याला शेतकरी म्हणून कुणी ओळखत नाही. 'घड्याळवाले कोंडीभाऊ' म्हणतात. आमच्याकडं यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यती असतात. चढाचा लांब रस्ता, त्याला घाट म्हणायचं. एका वेळी एकच गाडा पळतो, त्या पळण्याला बारी म्हणायचं. खाली निशाण पडलं की घड्याळ चालू, वर बैल रेघेला भिडले की बंद. ज्याला कमी सेकंद, त्याला गुलाल. हे घड्याळ मामाच्या हातात. बाकीची माणसं टोप्या उडवतात, नाचतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. मामाची पापणी हलत नाही. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "डोळा रेघंवर, अंगठा बटनावर, तोंड बंद." एकदा म्हणे गांधीलमाशी मानेवर चावली, तरी मामानं बारी पुरी होईपर्यंत हात वर नेला नव्हता.

त्याचा स्वतःचा गाडा मात्र कधीच नव्हता. शर्यतीची बैलजोडी पाळणं म्हणजे हत्ती पाळणं. मामानं सगळी उमर दुसऱ्यांच्या बाऱ्या मोजल्या.

घाटातनं घरी आला तरी अंगठा थांबत नाही. गावातल्या एका लग्नात मंगलाष्टका संपल्या संपल्या भटजींना बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, मागल्या लग्नापेक्षा सव्वा मिन्टं ज्यादा गेलं, तिसऱ्या कडव्याला ढिलं पडलात." एका पुढाऱ्याचं भाषण लांबलं, तर खाली उतरल्यावर त्याचा टाइम त्यालाच सांगितला. पुढाऱ्याला वाटलं कौतुक चाललंय, त्यानं हात जोडले.

मग कोर्टाची बंदी आली आणि शर्यतीच थांबल्या. वर्षामागनं वर्षं. मामा घरी बसला. मंदामामी भाकरी करायला बसली की हा शेजारी पाटावर घड्याळ घेऊन. सातवी भाकरी सहावीपेक्षा चार सेकंद उशिरा फुगली, असं सांगितल्यावर मामीनं उलथनं खाली ठेवलं आणि म्हणाली, माझ्यापुढनं उठा, त्या भाच्यांना घेऊन कुठं तरी जा.

आम्ही निमगाव सावाची तीन भावंडं. रूपीताई थोरली, संदीपदादा मधला, मी बारक्या. बारक्या हे काही माझं नाव नाही, पण मामानं दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा पाचवीत होतो. डोंगरातला घाट उतरून खाली गेल्यावर एक वॉटर पार्क आहे. नाव सांगत नाही, तिथं आमचं नाव अजून लक्षात असेल. मामानं आत पाय ठेवला, ती लाल घसरगुंडी बघितली आणि चालता चालता थांबला. वरून एक पोरगं सुटलं, तीन वळणं घेतली, खाली पाण्यात धप्प. मामाचा हात आपोआप गळ्याकडं गेला.

"आरं," तो म्हणाला, "ह्यो तर घाटच हाय. फकस्त उताराचा."

झालं. त्या दिवसापासून आम्ही बैल झालो. सुटायच्या आधी खालून मामा टॉवेल हलवून खाली टाकणार, ते आमचं निशाण. टॉवेल पडल्याशिवाय सुटायचं नाही. वरचा हिंदी बोलणारा गार्ड पहिल्या वर्षी चिडला. तिसऱ्या वर्षापासून तोच आमच्या मागच्या लोकांना सांगायला लागला, "रुको, चाचा का टॉवेल गिरने दो." मोठमोठी माणसं रांगेत गप उभी राहून मामाच्या टॉवेलाकडं बघायची. आदल्या रात्री मामी आम्हाला दोन-दोन अंडी चारायची आणि तांब्याभर दूध पाजायची, कारण खुराक. पळायच्या आधी मामा पाठीवर थाप मारायचा, ती थाप माणसाला मारायची नव्हेच.

एका वर्षी ताईनं फळीफोड केली, म्हणजे दिवसातला सगळ्यांत कमी टाइम. मामानं खिशातनं पुडी काढली आणि ताईच्या डोक्यावर गुलाल टाकला. ताई शहाण्यासारखी पाण्यात डुबकी मारून मोकळी. दोन मिनिटांत अर्धा हौद गुलाबी. शिट्ट्या वाजल्या, चार गार्ड आले, साहेब आला. मामा त्याला शांतपणे विचारत होता, जिंकल्यावर गुलाल नाय लावायचा तर काय शांपू लावायचा?

या सगळ्याच्या नकला मी करतो. लग्नात, हळदीत, गणपतीत. लोक पोट धरून हसतात. मामाही बसलेला असतो. नक्कल झाली की म्हणतो, "चार मिन्टं वीस सेकंद. मधी दोनदा अडाकलास."

मग शर्यती पुन्हा सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, सुटलो, आता मामाला त्याचा घाट मिळाला. पहिल्या यात्रेला मामा कडक इस्त्री करून गेला. दुपारीच परत आला. घाटात आता सेन्सर लागलेत. बैल रेघेला आले की घड्याळ आपोआप बंद होतं आणि मोठ्या पडद्यावर लाल आकडे येतात. कमिटीनं मामाला स्टेजवर बोलावून नारळ-टॉवेल दिला, खुर्ची दिली. मामा खुर्चीवर थोडा वेळ बसला आणि घरी आला. मामीला एवढंच म्हणाला, मशीन चांगलं हाय, चुकत नाय.

आम्ही तिघं मात्र मोठे झालो होतो. ताई शिक्षिका झाली, तिला दीड वर्षाचं पोरगं. दादा चाकणच्या कंपनीत, त्याला पोट. मी कॉलेजात, मला मिशी. यंदा मामाचा फोन आला, तेव्हा दादा म्हणाला, मामा, आता काय आपलं घसरगुंडीचं वय राहिलंय का? मामानं फोनवर लई शांतपणे विचारलं, "घाटात गाडं बघाया काय पोरंच येत्यात का? सत्तर सत्तर वर्साची म्हातारी टोप्या उडिवत्यात. त्यांना कुणी वय इचारतं का?" मग दादानं रजा नाही असं सांगितलं. ताईनं पोराचं कारण दिलं. मी परीक्षा आहे म्हणालो. परीक्षा संपून दहा दिवस झाले होते.

मामा तिघांनाही 'बरं' म्हणाला.

चार दिवसांनी मामीचा फोन आला. तिला माझ्याशीच बोलायचं होतं. म्हणाली, "तुझ्या मामानं घड्याळात नवा सेल घातलाय. रोज टीव्हीफुडं बसून झायराती मोजतोय. येत नसाल तर नका येऊ, पर त्याला एकदा नीट सांगा. त्यो टॉवेल रोज धुवायला टाकतोय."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मामाच्या दारात हजर. ताईनं पोराला सासूकडं ठेवलं होतं. मामानं टोपी झटकली आणि गाडीत पुढं बसला. जुन्नरी माणूस लाडात आला की असाच गप होतो, वरनं खिडकीची काच उगाच खालीवर करतो.

पार्कात पहिली बारी दादाची. वरून टॉवेलाकडं बघत होता तेव्हा तोंड पाडलेलं. सुटला, आणि तीन वळणांत काय झालं देव जाणे, खाली पडला तो लहान पोरासारखा खिंकाळत. मामा म्हणाला, "धा नव्वद. आतापरेंत तुझा सगळ्यात कमी. कंपनीचा खुराक लागला." पोटाचा उपयोग झालेला बघून दादा इतका खूश झाला, की पळत पुन्हा जिन्याला लागला. सात वेळा गेला. त्याची रजा नव्हती, हे लक्षात ठेवा. ताई ओरडत आली, ओरडतच परत वर गेली. शाळेत ती पोरांना जिन्यात पळू नका म्हणून छडी दाखवते.

दुपारी माझ्यातलं माकड जागं झालं. मी मामाला म्हणालो, एकदा तुम्ही जा. तो म्हणाला, घड्याळ कोण धरंल? मी म्हणालो, मी धरतो. तो नाही म्हणाला. मग मी काठावरच त्याची नक्कल सुरू केली. टॉवेल खांद्यावर टाकला, मान ताठ केली आणि त्याच्याच आवाजात सगळ्या रांगेला सांगितलं, "भेणारा बैल दावनीलाच बरा असतोय पावणं." लोक हसले. मामानं माझ्याकडं बघितलं. मग वर लाल घसरगुंडीकडं. लई वेळ बघितलं. आणि गळ्यातली दोरी काढून माझ्या गळ्यात घातली.

मामा भाड्याची चड्डी घालून बाहेर आला, तेव्हा ताईनं तोंड फिरवलं. चड्डीवर नारळाची झाडं होती. पण मला हसू आलं ते अर्धंच. टोपीशिवायचं मामाचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं. कपाळ अर्ध्यापर्यंत काळं, वर एकदम दुधासारखं गोरं. कुणाचं तरी दुसऱ्याचंच डोकं वाटत होतं.

जाताना त्यानं मला तीनदा बजावलं. डोळा रेघंवर, अंगठा बटनावर, तोंड बंद.

वर पोचला. एवढासा दिसत होता. मी टॉवेल टाकला, बटण दाबलं. इथपर्यंत सगळं बरोबर. पण पाच-पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती राव, आणि माझ्यासारख्याला पाच-पन्नास माणसं म्हणजे दारूच. घाटातल्या माइकवाल्याच्या आवाजात मी सुरू झालो. सुटली सुटली सुटली, महाळुंग्याची मानाची बारी, कोंडीभाऊंची बारी, भिर्रर्र, पहिल्या वळणाला आली, दुसऱ्याला आली, उडवा टोप्या! लोक टाळ्या वाजवायला लागले, गार्ड शिट्टी फुंकायला लागला, दादा नाचायला लागला. मामा तिसऱ्या वळणातनं आला, दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे उघडे, आणि त्या तोंडातनं असा आवाज, की तीस वर्षांचा दाबून ठेवलेला असावा. पाण्यात पडला. सगळ्यांनी हात वर केले. मीही केले. दोन्ही.

मामा वर आला. नाकातोंडात पाणी, डोळे लाल. पहिला शब्द, "किती?"

मी घड्याळ मुठीत धरून म्हणालो, अकरा ऐंशी. आवाज माझाच होता, नेमका तेव्हा मला दुसऱ्याचा आवाज काढता आला नाही. मामानं ओला हात पुढं केला. मी घड्याळ दिलं. ते चालूच होतं. दोन मिनिटं सहा, सात, आठ. मामानं ते थोडा वेळ चालू दिलं, मग अंगठ्यानं बंद केलं आणि कपडे बदलायला गेला.

परतताना गाडीत घाट चढून वर येईपर्यंत त्यानं खिडकीची काचही हलवली नाही. वर टपरीपाशी चहाला थांबलो, तिथं कप खाली ठेवून तो माझ्याकडं वळला आणि त्यानं मला झाडलं. आयुष्यात एवढा ओरडा मी कुणाचा खाल्ला नाही. हातात काम दिलं की तुझं तोंड सुटतं, माणसं हसली की तुला बाप आठवत नाही, दोन मिनिटं आठ सेकंद म्हणजे मी काय वरून चालत आलो का, सगळं झालं. टपरीवाल्यानं गॅस बारीक केला, ऐकायला. मग मामाचा आवाज खाली आला.

"पाचवीत तुझी अकरा बारा. सातवीला ताप घिऊन आलता, तवा चौदा. धावीला अकरा झीरो पाच. तुमा तिघांची एकबी बारी माझी हुकली नाय. शिंक आली तरी दाबून धरली. अन माझी एक व्हती. उभ्या जल्मात एक."

दादा कपातल्या सायीकडं बघत होता. मी मान खाली घालून म्हणालो, मामा, चुकलं.

"चुकलं तर चुकलं. पुढल्या साली परत करावी लागंल," तो म्हणाला. "तिघंबी या. रजा आत्तापासनं टाका. अन रूपे, तुझ्या पोराला संगं आण. घड्याळ त्याच्याकडं देणार हाय. त्याला अजून धड बोलता येत नाय."