सागरकिरण लॉज, मुरुड

विशाखानं चहाचा कप प्रीतमपुढं ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "नाताळच्या सुट्टीत आम्ही समुद्राला जायलोत. मी, सालेहा आन् मंजू. गाडी सालेहा चालवणार."

प्रीतम भूगोलाचा मास्तर. त्यानं कपाला हात लावायच्या आधी मनातल्या मनात अंतर काढलं. "लातूरपासून पाचशे किलोमीटर होतंय."

"मग? रस्ता हाय ना तिथवर?"

"मधी घाट हाय. म्हणून म्हणतो, आम्ही तिघं बी येतो. खाजाभाईला गाडीतलं कळतंय, सिद्धलिंगचं दुकान चार दिवस बंद..."

"न्हाई," विशाखा म्हणाली. "दहा वर्षं झाली, तुमच्यासंगं गेलं की तुम्ही तिघं पुढं बसून गप्पा हाणता आन् आम्ही तिघी मागं डबे उघडत बसतो. यंदा आमचं आम्ही बघू. परत येईपर्यंत एक फोन करणार न्हाई. तुम्ही बी करू नका."

प्रीतमनं मान डोलवली. पण संध्याकाळी फाटकाजवळ तिघं नवरे उभे असताना त्याचं बोलणं तिला आतून ऐकू आलंच. "बार्शीपर्यंत गेल्या तरी लई झालं." त्यावर मंजूचा सिद्धलिंग खो खो हसला. सालेहाचा खाजाभाई हसला नाही, पण त्याचं कारण एवढंच, की गाडी त्याची होती.

हे ऐकल्यावर विशाखानं मनाशी गाठ मारली. ती पाटबंधारे खात्यात लिपिक होती. वीस वर्षांत तिच्या फायलीवर साहेबानं एकदाही उलटा शेरा मारला नव्हता. तेव्हा राहण्याची सोय तिच्याकडे आली, ती आपसूकच. कुठं जायचं ते ठरलेलं होतं, दापोलीजवळच्या मुरुडला. सालेहाची भाची लायबा कॉलेजच्या सहलीत तिथं जाऊन आली होती आणि तिनं दाखवलेले फोटो बघून तिघींच्या डोळ्यांत वाळू भरली होती.

पण नाताळ आला गुरुवारी. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. हा हिशोब अख्ख्या पुण्या-मुंबईनं दोन महिने आधीच केलेला होता. मोबाइलवर जे लॉज उघडावं ते भरलेलं. तीन दिवस विशाखा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून शोधत होती. चौथ्या दिवशी सापडलं. सागरकिरण लॉज, मुरुड. दोन खोल्या शिल्लक. फोटोत निळे पडदे होते, भिंतीवर जहाजाचं चित्र होतं आणि खाली कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, 'सँडपासून दोन मिनिटं.' विशाखानं श्वास रोखून बुकिंग केलं आणि मैत्रिणींना कळवलं, "खिडकी उघडली की वाळू."

गुरुवारी पहाटे साडेचारला सालेहा गाडी घेऊन मंजुश्रीच्या दारात गेली. मंजुश्री धपाट्यांचा डबा, शेंगाचटणीची बरणी आणि तीन पिशव्या घेऊन बाहेर आली. तिच्या मागून तिच्या सासूबाई, उमाबाई, शाल गुंडाळून आल्या आणि कुणी काही बोलायच्या आत मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"आत्याबाई येते म्हणाल्या," मंजुश्री ओशाळून पुटपुटली.

"मी येते म्हणले न्हाई," आतून आवाज आला. "मी बसले."

"काकू, लई लांब हाय बरं का," सालेहा म्हणाली.

"असू दे. काशीला गंगा बघितली, श्रीशैलला कृष्णा बघितली. ह्या सगळ्या बाया शेवटी जातात कुठं, ते एकदा बघायचंय."

सालेहानं चावी फिरवली. गाडी निघाली.

सालेहा नवऱ्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्यांची 'ट्रायल' घेत घेत गाडी शिकली होती. त्यामुळं तिला कोणतीच गाडी जड जात नसे, फक्त ब्रेक लागतील यावर तिचा सहसा विश्वास नसे. पुण्याच्या पुढं घाट लागला. तिथं मंजुश्रीनं डोळे मिटले ते थेट खाली सपाटीवर उघडले. उमाबाई मात्र खिडकीला नाक लावून, दर तळ्याला "आला का?" म्हणून विचारत होत्या.

समुद्र आला तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. नारळी-पोफळींच्या मधून पाण्याची एक चकाकती पट्टी दिसली आणि गाडीतल्या चौघींच्याही माना एकदम तिकडं वळल्या.

"थांबव," उमाबाई म्हणाल्या.

"काकू, आधी रूमवर जाऊ, सामान टाकू," विशाखा म्हणाली. "अंधार पडायलाय. समुद्र काय पळून जात न्हाई."

पण लॉज सापडेना. मुरुडचा तो एकच रस्ता गाडीनं तीनदा पालथा घातला. शेवटी विशाखा एका चहाच्या टपरीपाशी उतरली.

"सागरकिरण?" टपरीवाल्यानं डोकं खाजवलं. "सागरकन्या आहे, सागरदर्शन आहे, सागरसोबती आहे. किरण नाही ऐकलं कधी."

तिथंच चहा पीत बसलेल्या एकानं चष्मा वर केला. "तुमचं ते रायगडातलं मुरुड असेल. जंजिऱ्याचं. लोकांचा होतो असा घोटाळा."

जंजिऱ्याचं मुरुड म्हणजे अजून काही तास, तेही अंधारात. बारा तास गाडी चालवून सालेहाचे खांदे वर येऊन कानाला टेकले होते. मोबाइलला रेंज नव्हती. टपरीवाल्यानं सांगितलं, शाळेच्या कुंपणापाशी उभं राहिलं की येते. चौघी तिथं गेल्या. विशाखानं बुकिंगवरचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"हॅलो, सागरकिरण लॉज का? आमचं बुकिंग हाय. विशाखा नावानं."

"हाव की!" पलीकडून एकदम मोकळा आवाज आला. "सकाळधरनं वाट बघायलोय ताई. कुठपर्यंत आलात?"

"आम्ही मुरुडातच हावोत."

"मुरुडात? मग या की. मी शिवशंकर बोलतोय, दारातच उभा हाय."

विशाखाचा जीव भांड्यात पडला. चष्मेवाला खोटा ठरला होता. "लॉज दिसंना गेलंय. तुम्हाला जवळ काय हाय?"

"तुमच्यासमोर काय हाय ते सांगा."

"देऊळ हाय."

"बरोबर. देवळावरनं सरळ या."

"सरळ समुद्र हाय."

"काय हाय?"

"समुद्र. पाणी."

"न्हाई हो ताई, पाणी दिवसाआड येतंय," शिवशंकर म्हणाला. "तुम्ही असं करा, स्टँडवर या. तिथं उसाच्या ट्रॅक्टरची लाइन लागलेली दिसंल. तिथनं दोन मिनिटं."

चौघी एकमेकींकडं बघू लागल्या. ऊस? विशाखानं फोन डोळ्यांजवळ धरून ते इंग्रजी वाक्य पुन्हा वाचलं. सँड नव्हतं. स्टँड होतं.

"शिवशंकरभाऊ," तिचा आवाज फार खाली गेला, "तुमच्या लॉजचं नाव सागरकिरण कशावरनं?"

"सागर माझा थोरला, किरण धाकटी."

एवढा वेळ ऐकत असलेल्या उमाबाईंनी हात पुढं केला आणि फोन काढून घेतला. "ए बाबा, बोलणं आपल्याकडचं वाटायलंय. तू कुणाचा?"

"मी? निलंग्याच्या रेवणप्पाचा, काकू."

"रेवणप्पा म्हंजे ते तेलाच्या घाण्याचे? आरं, मग तू आमच्या चुलतबहिणीच्या दिराचा पोरगा! लातूरला सिद्धलिंगच्या लग्नात जिलेबी वाढायला होतास."

"उमाकाकू!" शिवशंकर ओरडला. "तुम्ही हाव व्हय? आन् मग मुरुडात कुठं थांबलात? लातूरहून बार्शी रोडला निघालं की तासाभरात गाव लागतंय, चुकायला जागाच न्हाई!"

मग सालेहा हळूच म्हणाली, "म्हंजे सकाळी पाच-साडेपाचला आपुन आपल्या रूमच्या दारावरनंच आलो?"

आणि तिला हसू फुटलं. पहिल्यांदा ती कुंपणाला धरून हसली, मग खाली बसून हसली. मंजुश्रीनं तोंडाला पदर लावला. विशाखा मात्र हसली नाही. वीस वर्षांच्या नोकरीतला पहिला उलटा शेरा तिला डोळ्यांपुढं लाल शाईत दिसत होता आणि खाली सही होती प्रीतमची.

"घरी काय सांगू नगंस बरं का," उमाबाई फोनवर म्हणत होत्या.

"न्हाई काकू, मी कशाला सांगतो," शिवशंकर म्हणाला.

मग खोलीचा शोध सुरू झाला. आठ घरं झाली, आठही ठिकाणी पुण्याच्या गाड्या उभ्या आणि "नाही हो, सगळं फुल्ल" हेच उत्तर. नवव्या घराशी उमाबाईंचे गुडघे संपले. त्या विचारत बसल्याच नाहीत. सरळ अंगणात शिरल्या आणि ओटीवर बसल्या. घरातल्या काकूंनी बाहेर येऊन बघितलं आणि आधी पाण्याचा तांब्या आणला.

उमाबाईंनी अर्धा तांब्या रिकामा केला आणि उरलेलं पाणी उठून तुळशीला घातलं.

"अहो, असू दे, विहीर भरलेली आहे," काकू म्हणाल्या.

"डिसेंबरात?" उमाबाईंनी विचारलं. "बघू."

दोघी कंदील घेतल्यासारखा मोबाइलचा उजेड घेऊन परसात गेल्या. उमाबाईंनी विहिरीत वाकून पाणी बघितलं, मग गावाकडच्या आटलेल्या विहिरींचं सांगितलं, मग रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं त्याचं सांगितलं. काकू गालाला हात लावून ऐकत राहिल्या. परत आल्या तेव्हा काकूंनी विशाखाला सांगितलं, "खोल्या भरल्यात, पण ओटीवर तिघींचं अंथरूण होईल. आणि या आजींना मी आत पलंग देते."

त्या रात्री मंजुश्रीचे धपाटे काकूंच्या घरच्यांनी संपवले आणि काकूंनी केलेलं सुरमईचं कालवण विशाखा-सालेहानं संपवलं. मंजुश्री भात आणि ताक घेऊन पाच हात लांब बसली होती. "वास येतोय, पण वाईट न्हाई," एवढी एकच गोष्ट ती बोलली, तीही सासूबाई आत गेल्यावर.

सकाळी चौघी किनाऱ्यावर गेल्या. उमाबाईंनी चपला हातात घेतल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पहिली लाट घोट्यापर्यंत आली आणि गेली. त्या बराच वेळ डावीकडून उजवीकडं बघत होत्या.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "आन् एक बी घागर रांगेत न्हाई!"

मग ओंजळ भरून त्यांनी ते चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि तरीही उरलेलं पाणी खाली टाकायच्या ऐवजी जपून परत समुद्रात सोडलं. विशाखाला रात्रीपासून पहिल्यांदा हसू आलं. सालेहा तर सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन केव्हाच पाण्यात शिरली होती.

एवढं सगळं चांगलं झालं होतं, तरी विशाखाच्या मनात ते सलत होतंच. शिवशंकर सांगणार. आज नाही तर उद्या. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. फोन न करण्याची आपली अट आपणच मोडावी, प्रीतमला काय हसायचं ते हसू द्यावं आणि मोकळं व्हावं. ती एकटीच शाळेच्या कुंपणापाशी गेली. मोबाइलला रेंज आली आणि तिनं नंबर लावायच्या आतच तो वाजला. प्रीतमच होता.

"विशाखा! हुश्श! रात्रभर लावायलोय, लागतच नव्हता. बऱ्या हाव ना सगळ्या?"

"हो. ऐका ना, मला तुम्हाला एक..."

"आधी माझं ऐक. फोन करू नका म्हणाली होतीस, माहिताय. पण रात्री सिद्धलिंगला कुणा शिवशंकरचा फोन आला, की उमाकाकू मुरुडात हाईत, संगं तिघी हाईत, आन् रूमचा काहीतरी घोळ झालाय. एवढंच बोलला आन् फोन कट झाला, परत लागलाच न्हाई. आम्हाला वाटलं, गेली गाडी बंद पडून! बार्शी बी गाठली न्हाई!"

"मग?"

"मग काय, पहाटेच निघालो तिघं. खाजाभाईनं नवी बॅटरी घेतली, टूलबॉक्स घेतला, वरनं दोन टायर घेतले. सहा वाजल्यापासनं इथं मुरुडात हावोत. स्टँड बघितलं, पेट्रोल पंप बघितले, उसाच्या ट्रॅक्टरच्या मागं जाऊन बघितलं. सिद्धलिंग तर दवाखान्यात विचारून आला. तुम्ही कुठंच दिसंना गेलात! कुठं हाव?"

विशाखानं फोन कानापासून लांब धरला. कुंपणापलीकडं लाटा एकामागून एक येऊन फुटत होत्या. तिनं त्या प्रीतमला दोन-तीन चांगल्या मोठ्या ऐकू दिल्या.

"हे काय वाजायलंय?" प्रीतमनं विचारलं.

"समुद्र."

पलीकडं एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत गेला.

"तुम्ही पोचलात?" प्रीतम अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"काल संध्याकाळीच. तुम्ही पोरांना भूगोल शिकवता ना?"

"हो."

"महाराष्ट्रात मुरुड किती हायत?"

प्रीतमनं मोजले. "एक रायगडात, एक दापोलीत... आन् एक हे."

"मग घरातनं निघायच्या आधी बघायचं न्हाई का, आपुन कोणत्या मुरुडला चाललोय ते? एवढं साधं काम. नीट वाचायचं, खात्री करायची, मग पुढचं पाऊल टाकायचं."

"चुकलं खरं," प्रीतम म्हणाला. "आन् ते बार्शीचं बी. म्हणजे, मी मनात म्हणलं होतं."

"मनात?"

"फाटकाजवळ."

"बरं. चहा पिऊन घ्या आन् जावा घरी. खाजाभाईला म्हणावं, गाडी एकदम झकास हाय."

ती परत आली तेव्हा सालेहा ओल्या वाळूत पाय पसरून बसली होती आणि मंजुश्री सासूबाईंचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.

"सांगितलं का मग घरी?" सालेहानं विचारलं.

"सांगणारच होते," विशाखा तिच्याशेजारी टेकत म्हणाली. "पण त्यांनीच माफी मागितली."

सालेहानं डोळे मोठे केले. "त्यांनी? आन् तू काय केलं?"

विशाखानं वाळूत पाय रुतवले, येणारी लाट अंगावर घेतली आणि म्हणाली, "केलं माफ."