इथं जन्मलेल्यांनी यावं

निवृत्तीतात्या समोरून येताना दिसले की आमच्या कळस गावातला धडधाकट माणूस रस्ता बदलतो. कारण तात्या रामराम घालत नाहीत. जवळ येतात, अंगठ्याने तुमच्या डोळ्याची खालची पापणी ओढतात आणि मोठ्या आशेने म्हणतात, "रगत कमी दिसतंय. दाखवून घ्या की." एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाची पापणी ओढली होती. नवरीकडचे काळजीत पडले, नवरदेवाकडचे चिडले आणि तात्या जिलेबी खात बसले.

तात्यांची पेरूची बाग आहे. औषधपाण्याचं शिक्षण काहीच नाही. पण गावच्या धर्मादाय दवाखान्याचे ते विश्वस्त आहेत. दवाखान्यासमोर माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचे हे उद्योग मला रोज दिसतात. बारामतीत काचेची मोठमोठी हॉस्पिटलं झाली तसे पैसेवाले पेशंट तिकडे गेले. गरीब आमच्याकडे राहिले. त्यांच्या उपचारांचे सरकारी योजनेतले पैसे इतके सावकाश यायचे, की तोवर पेशंट बरा होऊन ऊस खुरपायला लागलेला असायचा. एक्स-रे मशीन बंद पडलं ते बंदच राहिलं. सिस्टरांचे पगार थकले. तात्या मात्र पेशंट शोधत हिंडायचे. आठवडे बाजारात कुणी खोकलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

शेवटी बाकीच्या विश्वस्तांनी हात टेकले. संपतराव नावाच्या ठेकेदाराला ती जागा मंगल कार्यालयासाठी हवी होती. विक्रीच्या कागदांवर सह्या पुढच्या सोमवारी करायचं ठरलं. सभेत तात्या एकटेच विरोधात होते, पण ते भांडले नाहीत. मला त्याचीच धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेरू वाहायची पिकअप काढली, टपावर कर्णा बांधला आणि मला बळंच शेजारी बसवलं. कळसच्या वाड्यावस्त्या, सणसर, पार बारामतीच्या वेशीपर्यंत आम्ही फिरलो. तात्यांचं बोलणं सगळीकडे एकच. "कळसचा दवाखाना विकायला काढलाय. जो जो तितं जल्माला आलाय, त्यानं रविवारी सकाळी यावं. येताना आईला आणावं."

लोक हसत होते. कोण येणार, असं मी वाटेत त्यांना दोनदा विचारलं. तात्यांनी फक्त कर्ण्याचा आवाज वाढवला.

रविवारी मला माझ्या दुकानापर्यंत पोहोचताच येईना. दारात ट्रॅक्टर, मोटरसायकली, भाजीचे टेम्पो. एक एसटी ड्रायव्हर तर प्रवाशांना चहा प्यायला सांगून धावत आला होता. आत म्हाताऱ्या आपापली खाट शोधत होत्या. एकाच खाटेवरून दोघींची चांगलीच जुंपली. सिंधू सिस्टर निवृत्त होऊनही आल्या होत्या. त्यांच्यापुढे मिशा पिळलेले गडी पोरांसारखे उभे होते. हा पायाळू, हा जन्मल्यावर रडायलाच तयार नव्हता, असं त्या एकेकाला सांगत होत्या आणि ते गडी लाजत होते. मी आयुष्यात एवढी आनंदी गर्दी दवाखान्यात पाहिली नव्हती.

गर्दी हटवायला संपतराव तावातावाने आले आणि वॉर्डाच्या दारातच थांबले. त्यांची स्वतःची आई कोपऱ्यातल्या खाटेवर मांडी घालून बसली होती.

"तू ह्याच खाटंवर झालास," ती म्हणाली. "बांध की तुझं कार्यालय. पर मी हितनं उठणार न्हाय. माझ्याभवती बांध."

सगळा वॉर्ड हसला. संपतराव तिच्या पायाशी टेकले. मग त्यांनी मला हळूच विचारलं, एक्स-रे मशीन दुरुस्त होतं का, की नवंच घ्यावं लागतं.

तिथून चक्रं फिरली. सणसरच्या एका बागायतदाराने आपल्या ऊसबिलातून टनामागे थोडी कपात दवाखान्याला देतो म्हणून सांगितलं, आणि मग हात वर होतच गेले. सोमवारच्या सह्या झाल्या नाहीत. दवाखाना काही श्रीमंत झाला नाही. पण सिस्टरांचे पगार सुरू झाले आणि दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी जायच्या तयारीने बांधून ठेवलेली पुस्तकं पुन्हा कपाटात लावली.

त्या रविवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी तात्यांना शोधत होतो. ते बाळंतपणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकटेच बसले होते. घरी फक्त ते आणि काकू, हे मला ठाऊक होतं. मूलबाळ झालंच नाही, असा माझा समज होता. म्हणून मी सहज चेष्टेत म्हणालो, तात्या, एवढा गाव गोळा केलात, पण तुमचं स्वतःचं कुणी इथं जन्मलं नाही.

"जल्मली की," तात्या म्हणाले. "सकाळी झाली आन् दिवस मावळायच्या आत गेली. सिंधूबाईनं तवर आमच्या हिच्या मांडीवरनं तिला हलवली न्हाय." त्यांनी बाकामागच्या भिंतीवर हात टेकवला. "ती आमच्या घरी आलीच न्हाय, सुभाषराव. ऱ्हायली ती ह्या एकाच घरात ऱ्हायली."

बाहेरून कुणीतरी तात्यांना हाक मारली. ते लगेच उठले नाहीत. मीही त्यांच्या शेजारी बसून राहिलो.