सोपवलं की सोपं

या खेपेला काही म्हणजे काही चुकणार नाही, याची गुंडीच्या आईला पक्की खात्री होती.

परक्या देशात येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना यशाचे धडे द्यायला एका बड्या कंपनीचे साहेब कॉलेजात येणार होते. भाषणानंतर दोघाचौघांना प्रश्न विचारता येणार, आणि ज्याचा प्रश्न आवडेल त्याला साहेब आपल्या कंपनीत चिकटवून घेतात, अशी कुजबुज होती. गुंडीच्या आईचं शेवटचं सत्र संपत आलं होतं. काम मिळालं तर व्हिसा वाढणार, नाही तर बॅगा भरायच्या. नवऱ्याचा आणि पोरीचा व्हिसाही तिच्याच व्हिसाला बांधलेला, म्हणजे तिने बॅग भरली की सगळ्यांच्याच भरायच्या.

तेव्हा तिने गुंडीला भरवता भरवता साहेबांच्या झाडून सगळ्या मुलाखती ऐकल्या होत्या. त्यांचं सार एकच. जे काम दुसरा करू शकतो ते स्वतः करू नका, सोपवा. ही बाई म्हणजे दुसऱ्याने बंद केलेला नळ परत जाऊन बघणारी. पण साहेबांनी तिला पार बदलून टाकलं. तिने घरापुरती एक घोषणाच काढली, 'सोपवलं की सोपं', आणि ती इतक्यांदा ऐकवली की नवरा झोपेतही पुटपुटायला लागला.

भाषणाच्या दिवशी ती चपला घालता घालता म्हणाली, "ऐक, आज गुंडी तुझ्याकडे. मी फोन करणार नाही, काही विचारणार नाही. तिचं खाऊन झालंय. फक्त डायपर बदल."

"सोपवलं की सोपं," नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला.

"डायपर."

"हो गं. डायपर."

जिन्यात तिला परत फिरावंसं वाटलं. पण साहेब असते तर परत फिरले असते का? नसते. ती तरातरा निघाली.

घरात पुढे काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

नवऱ्याने कामाला लगेच हात घातला. जुना डायपर काढला. तेवढ्यात त्याच्या बॉसचा कॉल आला. अर्धं काम तर झालंच होतं. त्याने गुंडीला फ्रॉकसकट उचललं आणि तळमजल्यावर कपडे धुवायच्या खोलीत आपल्या आईकडे नेलं.

"आई, हिला घे जरा. तिचं तेवढं..."

"मला नको शिकवूस. तुला वाढवलंय मी."

सासूबाईंची तिथे वेगळीच लढाई चालू होती. मशीनने त्यांचे कपडे गिळले होते, दार उघडत नव्हतं आणि ते सारखं पीं पीं करत होतं. एका काखेत गुंडी घेऊन मशीनशी भांडता येईना. इतक्यात समोरच्या घरातला पीएचडीवाला दारावरून चालला होता. आपल्याच भाषेतला, स्वभावाने गरीब. त्याचा प्रबंध गुंडीच्या जन्माच्या आधीपासून 'होतच आलाय'.

"अरे बाळा, हिला धर जरा. तिचं ते तेवढं राहिलंय, बघ."

"ते म्हणजे काय, काकू?"

"अरे ते रे," म्हणून सासूबाईंनी मशीनला बुक्की मारली.

पीएचडीवाल्याने डोकं चालवलं. पोरीचं काय राहिलं असेल? आईकडे जायचं राहिलं असेल. तो तसाही सभागृहातच चालला होता. माइकची जबाबदारी त्याच्याकडे होती. वहिनींच्या हातात पोर द्यायची की झालं!

पण तो पोचेपर्यंत सभागृहात अंधार झाला होता, दारं लावली होती आणि पडद्यामागून त्याच्या नावाने शंख चालला होता. साहेबांच्या कॉलरला माइक लावायचा राहिला होता. चिमुकली क्लिप, कंबरेचा डबा, मधली वायर. दोन्ही हात लागणार. त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात फायली, कोणाच्या हातात साहेबांचा चहा. सगळी कामं सोपवून बसल्यामुळे तिथे एकाच माणसाचे हात मोकळे होते.

"सर, धरता का जरा?"

साहेबांनी धरलं. माइक लागला. आणि तेवढ्यात पडद्यापलीकडे त्यांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या सुरू झाल्या, मागून कोणीतरी त्यांना अदबीने पुढे ढकललं.

पहिल्या रांगेत गुंडीची आई टाळ्या वाजवायला सगळ्यात आधी उठली होती. प्रकाशाच्या झोतात साहेब आले. उंचपुरे, करड्या सुटातले, कडेवर मूल. काय सुंदर माणूस आहे, तिला वाटलं. मग फ्रॉक ओळखीचा वाटला. मग ती खाली बसली आणि पर्स तोंडासमोर धरली.

सभागृह विरघळलं होतं. साहेबांनी मूल सूत्रसंचालिकेकडे द्यायला पुढे केलं, पण ती टाळ्या वाजवण्यात गर्क. शेवटी साहेबांनी तसंच भाषण सुरू केलं. गुंडीने त्यांच्या कोटाचं वरचं बटण काढलं, मग खालचं काढलं. तिला गुंडी म्हणतात ते उगीच नाही. आणि मग पर्सच्या वर दोन डोळे तिला दिसले.

"आई!"

साहेब थबकले. त्या अख्ख्या सभागृहात शंभर ठिकाणची माणसं होती, पडद्यामागचा पीएचडीवाला सोडला तर मराठी मात्र एकच, आणि ती पर्सच्या मागे होती. बाकीच्यांना जे ऐकू आलं ते इंग्रजीत.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "ही काय म्हणतेय? आय! मी! एवढ्याशा जिवाला कळतं, नेतृत्वाची सुरुवात 'मी'पासून होते."

"आई, आई, आई," गुंडी म्हणाली.

"काय हा आत्मविश्वास!" साहेबांचा सूर लागला होता. मागच्या बाकांवरून मुलं "आय, आय" ओरडायला लागली. कोणी तर वहीत उतरवून घेतलं.

मग प्रश्नांची वेळ झाली आणि माइक पहिल्याच रांगेत, पहिल्याच खुर्चीपाशी आला. गुंडीची आई उभी राहिली. रात्रंदिवस घोकलेला प्रश्न ओठांवर होता. नुसता विचारायचा आणि बसायचं. साहेबांना भरसभेत खोटं पाडलं तर बॅगा भरायला आजच घ्यायच्या.

तेवढ्यात गुंडीचा खालचा ओठ बाहेर आला. तो ओठ तिच्या चांगलाच ओळखीचा होता. त्याच्या पुढचा आवाज अख्ख्या इमारतीला ओळखीचा होता.

"सर," ती म्हणाली, "ती 'मी' म्हणत नाहीये. आमच्याकडे आईला आई म्हणतात. ती मला हाक मारतेय."

साहेबांनी गुंडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मूल तुमचं आहे?"

"हो."

"मग माझ्याकडे कसं?"

"मी नवऱ्यावर सोपवलं होतं, सर. तुमच्या मुलाखती ऐकून."

साहेबांनी गुंडीला या हातावरून त्या हातावर घेतलं. मग म्हणाले, "तुमचा प्रश्न काय होता?"

आता दुसरा सुचायला वेळ नव्हता. "सोपवलेलं काम नीट झालंय की नाही, हे कसं कळतं?"

साहेबांनी उत्तराला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी गुंडीला अंगापासून लांब धरलं. करड्या कोटावर वरच्या खिशापासून खालपर्यंत एक ओला काळपट पट्टा उतरत होता.

"कळतं," साहेब माइकमध्ये म्हणाले. "जरा उशिरा कळतं."

सभागृह कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

ती गुंडीला घेऊन मागच्या दाराने सटकत होती, तर साहेबांची सेक्रेटरी धावत आली. कोट पिशवीत घातलेला.

"साहेबांनी सांगितलंय, हा धुऊन तुम्ही स्वतः ऑफिसात आणून द्यायचा. दुसऱ्या कोणाकडे सोपवायचा नाही. आणि येताना बायोडेटा आणा."

घरी नवऱ्याने दार उघडलं. मायलेकींना एकत्र बघून त्याला फारसं नवलही वाटलं नाही. तो म्हणाला, "मग? दिलं का साहेबांनी काम?"

"सध्या एवढंच दिलंय." तिने पिशवी दाखवली.

"आण, मी टाकून येतो लाँड्रीत. सोपवलं की..."

तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने हात मागे घेतला.

"आधी हिला डायपर घाल," ती म्हणाली, आणि घालून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.