आबांच्या वर्गासाठी वीस रिकाम्या बरण्या

वीस मुलं, वीस बरण्या आणि दोन तास. यात अवघड ते काय? ऑफिसात मी चाळीस माणसांच्या पाळ्या लावते. बरणीला सुतळी गुंडाळून पेनस्टँड करायला मला कुणाचा सल्ला नको! असं मी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रत्नदीप यांना जिन्यातच सुनावलं.

त्यांचा गुन्हा एवढाच, की ते खरं बोलले होते.

"प्रियांकाताई, आता आबा नाहीत म्हटल्यावर वर्ग बंदच होणार. तळमजल्याच्या खोलीत सायकली ठेवू म्हणतो."

आबा म्हणजे माझे वडील. एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं, दर शनिवारी चार वाजता, ते त्या खोलीत बिल्डिंगमधल्या मुलांकडून टाकाऊ वस्तूंचं काहीबाही करून घ्यायचे. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि या माणसाला सायकली सुचत होत्या!

"वर्ग आहे! येत्या शनिवारी, चार वाजता!"

"घेणार कोण?"

"मी!"

"बघू. नीट झाला तर खोली तुमची. नाहीतर रविवारी सायकली."

तणतणत वर आले, बाल्कनीचं दार उघडलं आणि आठवलं. बरण्या नव्हत्याच. आबांनी जमवलेल्या बरण्या, झाकणं, धुऊन चिमट्यांना लावलेल्या दुधाच्या पिशव्या, सगळं मी चौदाव्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. तेही रागातच. माणूस निघून जातो आणि पिशव्या वाळत ठेवून जातो! मग राग पिशव्यांवर काढायचा नाही तर कुणावर?

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आबांच्या वर्गासाठी वीस रिकाम्या बरण्या हव्या आहेत.'

दहाव्या मिनिटाला समोरच्या गोदूबाई दारात. हातात बरणी. बरणीत गळ्यापर्यंत साखर.

"गोदूबाई, रिकामी हवी होती हो."

"रिकामी कशी देऊ? घरातलं माणूस गेलंय तुझ्या. तिथे रिकामं भांडं पाठवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांनीच तर बरण्या द्यायच्या आहेत!"

"देतील की. भरून देतील."

दिल्या! संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर सात बरण्या साखर आणि एक बरणी रवा होता. मी दुसरा मेसेज टाकला, 'साखर, रवा नको. रिकाम्या बरण्या हव्यात.' ग्रुपने त्यातले पहिले तीनच शब्द वाचले. दुसऱ्या दिवशी लिंबाचं लोणचं आलं, आंब्याचं लोणचं आलं, तूप आलं, शेंगदाण्याची चटणी आली, चिवडा आला. गोदूबाईंच्या शहाडच्या बहिणीने मेतकूट पाठवलं. विठ्ठलवाडीहून एक बाई आल्या. त्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून पाच मिनिटं रडल्या आणि चकल्या ठेवून गेल्या!

तिसरा मेसेज मी दात-ओठ खात टाकला. 'कृपया बरणीत काहीही घालू नये!!'

तासाभराने गोदूबाई आल्या आणि माझा हात धरून सोफ्यावर बसल्या.

"रागावलीस होय? बरोबरच आहे तुझं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नुसता रवा दिला. मी चांगलं झापलं त्यांना."

तिसऱ्या मजल्यावरून ताबडतोब बेसनाचे लाडू आले. तुपात पोहत होते!

शुक्रवारी मी सगळं उपसायला घेतलं. कुकर साखरेने भरला, कढई चिवड्याने, इस्त्रीच्या कपड्यांची बादली चकल्यांनी. आठ वर्षांची माझी सान्वी शाळेतून आली, तिने घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "मम्मी, आपण दुकान टाकतोय का?"

"नाही. आपण वर्ग घेतोय!"

"मग मी आज पाणी कशातून पिऊ?"

वीस बरण्या तीन-तीनदा घासल्या. पाठीचा पार काटकोन झाला. पण हार मानली नाही!

शनिवारी चारला वीसच्या वीस मुलं हजर. मी गोंद वाटला, सुतळी वाटली आणि ऑफिसच्या आवाजात सूचना दिल्या. पाचव्या मिनिटाला लोणच्याच्या बरण्यांवरची सुतळी नाडी सुटलेल्या लेंग्यासारखी खाली आली. प्लास्टिकने तेल धरून ठेवलं होतं, गोंद टिकेना. साखरेच्या बरण्यांवर सुतळी टिकली, पण मुंग्याही टिकल्या. बघता बघता अर्धा वर्ग हात झटकत नाचायला लागला.

"काकू," दहा वर्षांचा आनंद शांतपणे म्हणाला, "आबा असं नाही करायचे."

"मग कसं करायचे?"

"ते खुर्चीत बसायचे."

"आणि?"

"झोपायचे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही कापायचो, चिकटवायचो. जागे झाले की ते सगळ्यांना 'वा!' म्हणायचे."

"आणि केलेल्या वस्तू?"

"त्या घरी नेईपर्यंत तुटायच्या."

अकरा वर्षं! अकरा वर्षं दर शनिवारी चार ते सहा मी त्यांना चहालासुद्धा हाक मारली नव्हती, काम मोडेल म्हणून. त्या दोन तासांत मी त्यांच्याशी किती बोलले असते! कोपऱ्यात त्यांची खुर्ची होती. मी तिच्याकडे वळले आणि तीन आठवडे साठलेलं सगळं बाहेर आलं.

"सांगायचं होतं ना मला! एका शब्दाने सांगायचं होतं! सगळं मनासारखं करायचं आणि एक दिवस उठून चालू पडायचं! मागे राहिलेल्यांनी काय करायचं? बरण्या घासायच्या?"

मुलं नाचायची थांबली. मुंग्यासुद्धा थांबल्या असतील. तेवढ्यात मागे काहीतरी खडखडलं. वळून पाहिलं, तर दारात रत्नदीप. रविवारची वाट न बघता सायकल घेऊन आलेले.

"ताई," त्यांना घाम फुटला होता, "चुकलंच माझं. मी... मी तुम्हाला विचारायला हवं होतं. खोली राहू दे तुमच्याकडे. दर शनिवारी. कायमची."

आणि ते सायकल उलटी ढकलत निघूनही गेले. 'अहो, तुम्हाला नव्हे' हे मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण मग ही खोली कुणाची झाली असती, हे लक्षात आलं आणि मी तोंड मिटलं.

मग हेही लक्षात आलं, की मला एकच शनिवार घ्यायचा होता.

सहा वाजता मुलं सुतळीचे गुंते घेऊन निघाली. आनंद दारातून परत आला.

"काकू, पुढच्या शनिवारीपण असंच ओरडणार ना?"

"का रे?"

"आबा कधी ओरडायचेच नाहीत. आम्हालापण झोप यायची."