आजोबांचं कार्ड बदलताना

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की घरातल्या वस्तूंना कापरं भरतं, असं बायको म्हणते. मी तिकडे लक्ष देत नाही. लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणं हे फार तर दहा मिनिटांचं काम! खालचं झाकण काढायचं, दोन बारीक वायरी सोडवायच्या, जुनं कार्ड काढून नवं बसवायचं, वायरी परत दाबायच्या. व्हिडिओतल्या माणसाने तर गप्पा मारत मारत केलं होतं.

शिवाय कारण गंभीर होतं. बाबा आणि मोठे काका नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांना उगाच काळजी नको म्हणून आम्ही कळवलं नाही. त्यांना ते कळलं केस कापून घेताना. "सख्ख्या भावाची छाती उघडली, आणि मला सलूनवाला सांगतो!" एवढं बोलून काकांनी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. अखेर काकूने सतत टुमणं लावून त्यांना तयार केलं. रविवारी चार वाजता, लॅपटॉपवर, पंधरा मिनिटं. घरी मात्र येणार नाहीत.

"माझ्या मोबाईलवर बोला ना," मी बाबांना सुचवून पाहिलं.

"एवढ्याशा डबीत दादा? मला त्याचा चेहरा नीट बघायचाय रे."

रविवारी सकाळीच ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले.

अडचण एकच होती. आमच्या लॅपटॉपचं वायफाय दर तीन मिनिटांनी तुटायचं. वय वर्षं अकरा. काम करता करता डुलकी घेतो, उठवलं की कण्हतो, म्हणून घरात त्याचं नावच 'आजोबा' पडलं होतं, तेही मानाने. आजोबा झोपले, आजोबा तापले. घरातले खरे आजोबा, म्हणजे माझ्या मुलीचे आजोबा, म्हणजे आमचे बाबा, यांनी त्याला कधी हरकत घेतली नव्हती.

दोन वाजता मी झाकण उघडलं.

"आधी बॅटरी सोडवायची असते ना?" बायकोने विचारलं.

"एवढ्याशा कामाला कशाला!"

वायरी सुटल्या. जुनं कार्ड निघालं, नवं बसलं. राहिला फक्त तिळाएवढा एक स्क्रू. तो निसटला, आत पडला आणि चट् आवाज झाला! पाठोपाठ जळका वास. मी बटण दाबलं. परत दाबलं. मग बायकोने दाबलं, कारण माझं दाबणं चुकत असेल अशी तिला शंका होती. काही नाही!

बाबांनी फक्त शर्टाचं गळ्याजवळचं बटण काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "दादाला ताटकळत ठेवू नकोस. कळव."

मी आतल्या खोलीत जाऊन काकूला फोन लावला. आवाज आपोआप जड झाला होता.

"काकू, आजचं बोलणं होणार नाही. आजोबा गेले."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

"कधी?"

"आत्ताच. दहा मिनिटं झाली."

"अरे, काल तर सगळं ठीक आहे म्हणालास!"

"सकाळपासून तापले होते. मी जरा हात लावायला गेलो, आणि माझ्याच हातून..." हातातला स्क्रूड्रायव्हर मी खाली ठेवला. "आता एकदम गार पडलेत."

"कुणाला दाखवलं नाहीस?"

"आता दाखवून काय उपयोग? वय झालंच होतं."

काकूने हुंदका दिला आणि फोन बंद झाला. एका लॅपटॉपसाठी इतकं रडू! आमची काकू हळवी आहे हे ठाऊक होतं, पण इतकी?

वीस मिनिटांत दारावर थाप पडली. दार बाबांनीच उघडलं. बाहेर मोठे काका उभे होते. एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्यात काळी. मागे काकू, डोळे सुजलेले. बाबांना बघून तिने भिंतीचा आधार घेतला.

"दादा?" बाबा म्हणाले.

पुढे होऊन काकांनी बाबांचं मनगट धरलं आणि डॉक्टर नाडी बघतात तसं धरून राहिले.

"हा म्हणाला, तू गेलास."

सगळे माझ्याकडे वळले. मी टेबलावर पालथ्या पडलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. कुणीही हसलं नाही. आता काका आल्या पावली परत जाणार आणि पुढची नऊ वर्षं माझ्या नावावर लागणार, असं मला वाटलं.

"या वेळी निदान मला आधी कळवलंत," काका म्हणाले आणि आत आले.

संध्याकाळपर्यंत दोघे शेजारी शेजारी बसून होते. काकांनी चहा डाव्या हाताने घेतला, कारण उजव्या हातातलं बाबांचं मनगट त्यांनी सोडलंच नव्हतं. मला दारामागे उभं राहून रडू येत होतं.

"आमचा पोरगा अगदीच हा आहे रे, दादा," बाबा मध्येच म्हणाले.

"पहिल्यापासूनच," काका म्हणाले.

नऊ वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं. मी ते मोडायला गेलो नाही.